भिंतीकडे तोंड करून

१२ जानेवारी

चि. भाचीबाईस मामाचे आशीर्वाद,

कालच्या फोनची गंमत तुला कळलीच असेल. मामीने फोन माझ्या कानाला लावला, तू काहीतरी बोललीस, मी ऐटीत "हो, हो, उत्तम" म्हटलं. मागून कळलं की तू विचारत होतीस, "मामा, न्हाणीघरात पडलास म्हणे?" तेव्हा आजपासून फोन तुझ्या आईने आणि मामीने घ्यावा. आपण दोघं पत्रं लिहू. तुझं अक्षर एवढं वळणदार, ते नुसतं कंपनीच्या कागदांवर का उधळायचं?

तुझी आई मजेत आहे. मागच्या खोलीत रोज ट्रंक उघडते, पातळांच्या घड्या मोडते, पुन्हा घालते, ट्रंक लावते. एप्रिलमध्ये तू कायम होणार, मग कंपनीची दोन खोल्यांची जागा मिळणार आणि तू तिला घेऊन जाणार, हे तिचं सगळ्या गल्लीला सांगून झालंय. तुझे वडील गेल्यापासून ती इथे आहे. धाकटी बहीण माझी, मला कधी ती जड झाली नाही. पण दुसरीच्या स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवावी लागतात, असं ती एकदा म्हणाली होती. मुलीच्या घरी स्वतःची शेगडी पेटवावी, एवढंच तिचं मागणं आहे. तेव्हा एप्रिलकडे आम्हा सगळ्यांचेच डोळे लागलेत.

आणि रविवारचा पेपर पाहिलास का? पुरवणीत अर्धं पान तुझ्याच नोकरीवर. पिवळं हेल्मेट घातलेली एक हसरी मुलगी, आणि खाली: 'सेफ्टी टेक्निशियन: वाढती मागणी, भरघोस पगार, उज्ज्वल भविष्य'. मी ते कापून कपाटाच्या दारावर चिकटवलंय. शेजारचे कंपाउंडर येऊन चष्मा वर करून दोनदा वाचून गेले. त्यांच्या मुलीला हाच कोर्स करायचाय. विचारत होते, तुमच्या भाचीला पगार किती, पुढे वाव कसा? मी म्हटलं, विचारून सांगतो. तर सांग.

माझं काय, सकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकतो. मामी तांदळाचे दाणे ठेवते, चिमण्या येतात, आणि त्यांची चिवचिव ऐकत मी चहा पितो. फोनमधली माणसं घोगरी वाटतात, पण चिमण्या मला अजून स्वच्छ ऐकू येतात बरं का. आमच्या प्राथमिक शाळेत बाई चालीवर कविता म्हणवून घ्यायच्या. अख्खा वर्ग एका सुरात, आणि वर आढ्यात ह्यांचा सूर. तोच सूर आहे, तसूभर बदललेला नाही.

मी आयुष्यभर पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा होतो, आणि आता तशाच हॉलमध्ये तू माणसांची काळजी वाहतेस. याहून मोठं सुख काय.

तुझा,
मामा


२४ जानेवारी

प्रिय मामा,

आधी ते कात्रण कपाटावरून काढ.

त्या मुलीचं हेल्मेट पाहिलंस? त्यावर एक ओरखडा नाही. ती फोटोपुरती आलेली आहे. आणि तो भरघोस पगार सेफ्टी ऑफिसरचा असतो, जो आमच्याकडे महिन्यातून एकदा गाडीतून येतो, मी आणलेल्या कागदांवर सह्या करतो आणि "कीप इट अप" म्हणून जातो. मी टेक्निशियन. मी कंपनीची नाही, ठेकेदाराची. कंपनी माझ्यासाठी ठेकेदाराला काय देते ते मला कळू देत नाहीत, आणि त्यातून तो मला काय देतो ते मी आईलाही सांगितलेलं नाही. एवढंच सांगते की प्रेसवरचा मदतनीस माझ्याहून जास्त घरी नेतो, आणि चहावाल्याला बोनस असतो. कंपाउंडर काकांना सांग, वाव खूप आहे. दर वर्षी कंत्राट संपतं, तेव्हा बाहेर पडायला भरपूर वाव असतो.

काम मात्र मला आवडतं, ते खोटं बोलणार नाही. सकाळी आवाज मोजायचं छोटं यंत्र एखाद्याच्या कॉलरला अडकवायचं, पाळी संपल्यावर काढायचं. कुठे धूळ किती, कुठे उजेड कमी, कुठल्या यंत्राची जाळी कोणी काढून ठेवली, हे बघत फिरायचं. हॉलमध्ये मला 'सेफ्टीवाली' म्हणतात. मी आले की बोळे कानात जातात आणि मी वळले की खिशात. माझं टेबल वाळूच्या बादल्यांच्या शेजारी आहे. खुर्ची नाही, उलटा केलेला रंगाचा डबा आहे.

पण एप्रिलचं खरं आहे. प्लँटच्या साहेबांनी स्वतः सांगितलंय, या वर्षीच्या कानाच्या तपासण्या नीट पार पडल्या की कायमच्या यादीत माझं नाव. त्या आता सुरू आहेत. काचेची एक बंद खोली आहे. माणूस आत हेडफोन घालून बसतो, मी बाहेर यंत्रापाशी. मी बारीक, जाड आवाज सोडत जाते, त्याने ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. मामा, निकाल बघून मीच चकित झाले आहे. हॉलमध्ये दोन हातांवरच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं, आणि सगळ्यांचे कान तान्ह्या बाळासारखे. साहेबांना आलेख दाखवले तर ते खुशीत म्हणाले, "बघ, उगाच लोक आमच्या नावाने बोंबलतात."

आईला सांग, जागेतल्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी आहे. मी बाहेरून बघून आले.

तुझी,
भाची


५ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

कात्रण काढलं. त्याचा डिंक मात्र दारावर राहिला.

पगाराचं वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मुलीच्या हातात एवढ्या माणसांचे हातपाय, तिला बसायला रंगाचा डबा? मामी म्हणाली, तुम्ही काय करणार चिडून. बरोबर आहे, पण चिडायचं तरी घरात बसून चिडावं की नाही?

पण तुझं ते तान्ह्या बाळाच्या कानांचं वाचलं आणि मी एवढा हसलो की तुझी आई स्वयंपाकघरातून पळत आली. अगं वेडे, तुला तुझ्या लोकांनी मामा बनवलं, आणि तुझा खरा मामा इथे बसून टाळ्या वाजवतोय.

आमच्याकडेही वर्षातून एकदा कान तपासायला यंत्राची पेटी घेऊन एक पेटीवाला यायचा. अशीच काचेची खोली, असेच हेडफोन, असंच बटण. आता जो नापास होईल त्याला हॉलमधून उचलून गोदामात टाकायचे, आणि हॉलचा भत्ता बंद. कोण नापास होईल? आम्ही ऐकतच नव्हतो, आम्ही बघायचो. काचेतून पेटीवाल्याचं मनगट दिसायचं. त्याने कळ दाबली की घड्याळाचा पट्टा बारीक हलायचा. हलला की दाब बटण. नव्या माणसाला आम्ही जेवणाच्या सुट्टीत शिकवून तयार करायचो. आमच्यातला एक भाबडा होता, पेटीवाल्याने नाक खाजवलं तरी बटण दाबायचा. पेटीवाला म्हणाला, "अरे, मी अजून सुरूच केलं नाही, तुला देवाचा आवाज आला का?"

मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी पहिल्या वर्गात पास. शाळेत गणिताने जे दिलं नाही ते कानाने दिलं. तेव्हा तुझ्या त्या बाळांकडे जरा नीट बघ, ती तुझ्याकडे किती नीट बघतायत ते कळेल.

तुझ्या आईने पूर्वेच्या खिडकीसाठी पडद्याचं कापड काढलंय, जुन्या पातळाचं. निळं, बारीक पांढऱ्या फुलांचं.

मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी डब्यावर बसून वाचलं. हसूही आलं. मग उठून त्या काचेच्या खोलीत गेले आणि खाली वाकून बघितलं.

जमिनीवर चार पिवळे गोल रंगवलेले आहेत. खुर्चीचे चार पाय बरोबर त्यात बसतात आणि माणसाचं तोंड बरोबर माझ्या हाताकडे येतं. मी आले तेव्हापासून मी खुर्ची त्या गोलांवरच ठेवत आले. शिकवलं होतं रे मला, कोर्समध्ये पहिल्याच धड्यात, की तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये. पण इथे जागा आखून दिलेली, रंग लावलेला. मला वाटलं, आखलंय म्हणजे विचार करूनच आखलं असेल. विचार करूनच आखलं होतं.

मी खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड.

पहिला आला पैलवान. सगळ्यात मोठ्या प्रेसवर असतो, दंड माझ्या मांडीएवढे, मनाने मऊ. खुर्ची बघून म्हणाला, "शाळेत असं उभं करायचे, तू बसवतेस. सुधारणा आहे." मी हसले. त्याला हेडफोन घातले, बाहेर येऊन सुरू केलं. बारीक आवाज सोडला. काही नाही. वाढवला, पुन्हा वाढवला. जाड आवाजांना एकदोनदा बटण दाबलं त्याने, तेही चाचरत. डावा कान झाला, उजवा झाला, सगळं संपलं. मी दार उघडलं. तो तसाच भिंतीकडे बघत, अंगठा बटणावर तयार ठेवून बसला होता. माझी चाहूल लागली तशी मान वळवून म्हणाला, "सुरू कर की पोरी, कामं खोळंबलीत."

मी त्याच्या कानावरचे हेडफोन काढून घेतले.

त्या आठवड्यात जवळजवळ निम्मा हॉल तसाच निघाला. आणि बातमी पसरली. हॉलचा भत्ता जाणार, म्हणजे घराचं भाडं जाणार, कोणाच्या मुलाची फी जाणार. कँटीनमध्ये जी बाई रोज माझ्यासाठी जागा धरते तिने जागेवर पिशवी ठेवली. एकजण तोंडावर म्हणाला, "पगार तू देणारेस का आमचा, सेफ्टीवाली? तुझा तरी पुरतो का तुला?" आणि मला त्याचा राग आला नाही. मला राग आला तो ज्याने भत्ता आणि कान एका तराजूत घातले त्याचा. माणूस बहिरा झाला तर त्याचा पगार कापायचा, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? मग तो ऐकू येण्याचं नाटक करणारच.

काल साहेबांनी बोलावलं.

"खुर्ची कोणी फिरवली?"

"मी, सर. पुस्तकात तसंच सांगितलंय."

"मग इतके दिवस पुस्तक कुठे होतं?"

ते बरोबर बोलले. मग ते एकदम गोड झाले. म्हणाले, "यंत्र जुनं आहे, बिघडलं असणार. मार्चअखेर पुन्हा तपासण्या घे. खुर्ची होती तशी ठेव. हे बघ, तुझा कागद तयार आहे." टेबलावर खरंच माझ्या कायमपणाचा कागद होता. सही तेवढी राहिली होती.

मी ऑफिसरांना फोन केला. ते म्हणाले, "तू आणशील त्यावर मी सही करतो. तू काय आणायचं ते मी कसं सांगणार?"

आईला यातलं काही सांगू नकोस.

भाची


२८ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय माणसं आहेत ही. एकाने गोल रंगवायचे, दुसऱ्याने सह्या करायच्या, आणि मध्ये सापडायचं कोणी, तर डब्यावर बसणाऱ्या पोरीने. त्या ऑफिसराला भरघोस पगार मिळतो तो कशाचा? 'मी कसं सांगणार' म्हणण्याचा? मामीने मला दोनदा पाणी आणून दिलं. माझ्या त्या गमतीच्या पत्रावर मी शंभर वेळा चरफडलो. जीभ आवरावी तशी लेखणीही आवरावी माणसाने.

पण आता रागाने नाही, शांत डोक्याने सांगतो, ऐक. खुर्ची फिरव परत.

दचकू नकोस. मी तुझा मामा म्हणून सांगतोय आणि प्रेसवरचा माणूस म्हणूनही. त्या लोकांनाच ते हवंय. पैलवानालाच पास व्हायचंय. तू कोणाच्या ताटातलं काढून घेणार आणि वर स्वतःचंही घालवणार, यात कोणाचं भलं झालं? आणि बहिरेपण म्हणतेस ते एवढं मोठं नसतं गं. माझ्याकडे बघ. फोन ऐकू येत नाही, नसू दे, फोनवर कोण शहाणं बोलतं? हवं तेवढं मला ऐकू येतं. सकाळी चिमण्या ऐकू येतात. मनात आणलं तर बाईंची कविता ऐकू येते, वर्गाच्या मागच्या बाकावरच्या पोराच्या घोगऱ्या आवाजासकट. काय गमावलं मी? माणूस स्वप्नात रमणारा असला की त्याला बाहेरचं थोडं कमीच लागतं.

तुझ्या आईला मी काही बोललो नाही. पण तिला माझा चेहरा वाचता येतो. काल तिने पडद्याला दोरी ओवली आणि मग बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसली.

एकदा कायम हो. मग काय लढायचं ते लढ. कायम झालेल्या माणसाचा आवाज मोठा असतो.

मामा


९ मार्च

मामा,

मला तुझ्यावर आजवर राग आला नव्हता. आज आलाय, आणि तो शांत डोक्याने लिहिते.

कायम झालेल्या माणसाचा आवाज मोठा असतो म्हणतोस. आमचा ऑफिसर कायम आहे. ऐकलास त्याचा आवाज?

आता तुझ्या कानांचं. सोपं करून सांगते. प्रेसच्या आवाजाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी बारीक आवाज जातात. पैंजण, घड्याळाची टिकटिक, लहान मुलाचं बोलणं, शब्दातला स. जाड आवाज सगळ्यात शेवटी. म्हणून माणसाला वाटतं, मला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. आणि चिमणी, मामा, अगदी वरच्या टोकाला असते. ती जवळजवळ सगळ्यात आधी जाते. फोनवरचा माझा जाड आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाही, तर चिमणी कशी पोचेल?

तुझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून असते. तुला त्यांच्या चोची हलताना दिसतात. बाकीचं तू मनाने भरतोस. तू अजून त्या पेटीवाल्याचं मनगट बघून बटण दाबतो आहेस.

आणि एक आठवण. मी लहान असताना सुट्टीत यायचे. तू ओट्यावर पाठमोरा बसलेला असायचास. मी मागून हाक मारायचे, मामा, मामा, तू वळायचा नाहीस. मी रडवेली व्हायचे. आई मला जवळ घेऊन सांगायची, "मामा कवितेत आहे. पुढे जाऊन उभी राहा, मग बघेल." मामीही तसंच म्हणायची. अख्खं घर तुला स्वप्नाळू म्हणत आलं, कौतुकाने. पाहुण्यांना सांगायचं, आमचे हे तंद्रीत असतात. तेव्हा तू चाळिशीतही नव्हतास. तू तंद्रीत नव्हतास, मामा. तुला ऐकू येत नव्हतं, आणि ते आमच्यातल्या एकालाही कळलं नाही, कारण तू दर वर्षी पहिल्या वर्गात पास होत होतास.

काय गमावलं विचारतोस. माझ्या सगळ्या हाका गमावल्यास.

पैलवानाला नात झालीय, चार महिन्यांची. तो मला सांगत होता, फार गुणी पोर आहे, रात्रीची रडतच नाही.

मी खुर्ची परत फिरवायची का, ते आता तू सांग.

भाची


१६ मार्च

चि. भाचीबाई,

पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर रुसलो होतो. मामीला म्हटलं, पोरगी फार शिकली. मग तिसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बघत नाही असं पाहून, मी माझी खुर्ची उलटी केली. खिडकीकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

भिंतीवर कॅलेंडर आहे आणि एक पोपडा आहे. मी पोपड्याकडे बघत बसलो. म्हटलं, आज चिमण्यांना उशीर झालेला दिसतो. चहा आला, चहा संपला. घर शांत होतं. शाळेला सुट्टी लागल्यावर वर्ग जसा असतो ना, बाकं जागच्या जागी आणि आवाज तेवढा नाही, तसं.

मामी कप न्यायला आली. मी विचारलं, "आज आल्या नाहीत का गं चिमण्या?"

तिने माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिने कप खाली ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. मी वळून पाहिलं. चौकट भरलेली होती. दाण्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, चोची नुसत्या लवलवत होत्या. आणि गंमत बघ, वळल्याबरोबर मला चिवचिव ऐकू आली. डोळे मिटले, बंद. उघडले, सुरू. लहान मुलासारखा मी तो खेळ किती वेळ खेळलो, मला सांगवत नाही.

'सुरू कर की पोरी' म्हणणारा तुझा पैलवान मला तेव्हा कळला.

माझ्या बाईंची कविताही मी अशीच ऐकत असणार. ती तरी खरी आहे, ती प्रेसच्या आधीची आहे. तेवढी कोणाला देणार नाही.

पण आता दुसरी गोष्ट ऐक, जी आठवून माझं रक्त उकळतंय. तो पेटीवाला. त्याचं मनगट. मी आयुष्यभर समजत होतो, आम्ही त्याला फसवलं. काल डोळ्यापुढे आणलं तर दिसलं, की तो कळ दाबायच्या आधी बाही वर सारायचा. दर वेळी. हात उचलून, सावकाश, आम्हाला नीट दिसेल असा दाबायचा. मान खाली घालून. तो आम्हाला पास करत होता गं. हडकुळा माणूस होता, सायकलवर पेटी बांधून यायचा, कुठल्याशा ठेकेदाराचा. आमच्या कँटीनमध्ये त्याला फुकट चहासुद्धा मिळत नसे. त्याचाही कुठलातरी एप्रिल असणार. कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावर त्याचाही कागद असणार. त्याच्यावर मला चिडता येत नाही. ज्यांनी त्याला एवढा स्वस्त ठेवला, की माझे कान विकल्याशिवाय त्याला भाकरी मिळू नये, त्यांच्यावर चिडतो. माझ्या पिढीचा पेटीवाला सायकलवर होता, तुझ्या पिढीची डब्यावर आहे. एवढ्या वर्षांत एवढीच प्रगती.

खुर्ची फिरवू नकोस. माझं मागचं पत्र फाड.

तुझ्या आईला मी सगळं वाचून दाखवलं. उठली, ट्रंक उघडली, पडदा त्यात ठेवला आणि म्हणाली, "कापड काही वाया जात नाही, दादा."

तुझा,
मामा

ता. क. हे पत्र पैलवानाला द्यावंसं वाटलं तर दे. वाचायला कान लागत नाहीत.


६ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र मी पैलवानाला दिलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने ते डबा न उघडता वाचलं, घडी घातली, परत दिलं. मला वाटलं, चिडला.

मार्चअखेरीला साहेबांनी तपासणी स्वतः उभं राहून घ्यायला लावली. खुर्ची पिवळ्या गोलांवर. मी आदल्या दिवशी लेखी दिलं होतं की अशी तपासणी मी करणार नाही. ते म्हणाले, "करू नको, नुसती कळ दाब." मी म्हटलं, कळ दाबणं म्हणजेच तपासणी, सर.

तेवढ्यात पैलवान आत गेला. त्याने एका हाताने खुर्ची उचलली, भिंतीकडे फिरवून ठेवली आणि बसला. साहेब काचेवर टकटक करत म्हणाले, "पैलवान, इकडे तोंड." तो हलला नाही. आता पाठ आमच्याकडे होती, हेडफोन कानावर होते, त्यामुळे त्याला ऐकू आलं नसेल. किंवा आलं असेल. मी त्याची तपासणी केली, नियमाने, आणि तो नियमाने नापास झाला. बाहेर येऊन साहेबांना म्हणाला, "माझी नात रडते. सून म्हणते, गल्लीभर ऐकू जातं."

त्याच्यामागून आलेल्यांनी खुर्ची तशीच राहू दिली. सगळ्यांनी नाही. काहींनी ती उचलून परत गोलांवर ठेवली, माझ्याकडे बघत बटण दाबायला बसले. त्यांच्यासाठी मी उठले आणि बाहेर गेले. मागून साहेबांनी त्यांची तपासणी कोणाकडून करून घेतली, मला माहीत नाही.

आता हॉलमधले लोक म्हणतायत, कान गेला तर भत्ता का जावा, उलट वाढावा. रोज ऑफिसपुढे उभे राहतात. काय होईल सांगता येत नाही. कँटीनमधल्या बाईने पिशवी उचलली.

माझं मात्र झालं. एक तारखेला ठेकेदाराने फोनवर सांगितलं, तुझं कंत्राट संपलं. कायमपणाचा कागद साहेबांनी फाडलाही नाही, मामा, त्याच्या पाठीवर कुठलातरी हिशेब करत होते. आणि काल रविवारची पुरवणी पाहिलीस? तीच हेल्मेटवाली मुलगी, शेजारी चौकटीत आमच्याच कंपनीची जाहिरात. 'सेफ्टी टेक्निशियन पाहिजे. उज्ज्वल भविष्य.' पगार 'योग्यतेनुसार'. माझी योग्यता त्यांना कळली म्हणायची.

शहरातल्या एका कानाच्या दवाखान्यात तपासणीचं काम मिळालंय. पगार आधीपेक्षाही कमी आहे. पण बसायला खुर्ची आहे. एका बाईच्या घरी एक खोली बघितली आहे, लहान आहे, स्वयंपाक त्यातच. खिडकी पश्चिमेला. आईला विचार, चालेल का.

भाची


१४ एप्रिल

चि. भाचीबाई,

तुझ्या आईला विचारायचा प्रश्नच आला नाही. मी पत्र वाचून दाखवत होतो तोवर ट्रंक दारात आली होती. म्हणाली, पश्चिमेची खिडकी बरी, संध्याकाळी तू घरी येशील तेव्हा ऊन असेल. सोमवारी मी तिला घेऊन येतोय. शेगडी ती इथूनच घेऊन निघणार आहे, मामीने स्वतःच्या हाताने घासून दिली.

कंपाउंडर आले होते, त्या भरघोस पगाराची चौकशी अजून लागून राहिलीय. बरोबर मुलगी. मी काहीही राखून ठेवलं नाही. ठेकेदार, डबा, गोल, कागदाच्या पाठीवरचा हिशेब, सगळं सांगितलं. कंपाउंडर म्हणाले, "म्हणजे अर्थच नाही. नकोच ते." मुलगी बघत होती माझ्याकडे. जाताना पुढे येऊन, मला दिसेल अशी उभी राहून तिने विचारलं, "आजोबा, मग तपासायचं कोणी?" मी संतापलो ते यावर, की असं विचारणाऱ्या पोरीला आपल्याकडे दाखवायला तो रंगाचा डबा तेवढा आहे.

माझी खुर्ची मी परत खिडकीकडे केली. चिमण्यांना मी खोटं का पाडू? पण कधीकधी डोळे मिटून बघतो, म्हणजे विसर पडू नये.

आता माझं एक काम कर. सोमवारी तुझ्या दवाखान्यात माझं नाव घाल. रीतसर, रांगेत, मामा म्हणून पुढे नको. हेडफोन घाल, खुर्ची भिंतीकडे ठेव, आणि एकाही आवाजाची मला सूट देऊ नकोस. मी आयुष्यभर पहिल्या वर्गात पास झालो. आता एकदा मला नियमाने नापास कर, खाली तुझी सही कर, आणि तो कागद माझ्या हातात दे. माझी जुनी कंपनी अजून तिथेच आहे, दरवाजाला नवीन रंग दिलाय. मी तो कागद घेऊन त्या दरवाजात जाऊन बसणार आहे. उठा म्हणाले तर मला ऐकू येणार नाही.

तुझा,
मामा